मंडपाच्या खांबाला ‘थोडा करंट’ येतोय? मग आधी मेन स्विच बंद करा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचा तिसरा दिवस, संध्याकाळची ओपीडी, बाहेर धो धो पाऊस. आमच्या नेरूळमधल्याच एका मंडळाचा तरुण कार्यकर्ता ताप आणि अंगदुखी घेऊन आला. दोन रात्री पावसात भिजत मंडपाचं काम केलेलं, त्यामुळे आजारात नवल काहीच नव्हतं. तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता तो म्हणाला, “डॉक्टर, उजव्या हाताला मुंग्या पण येतात. बी-ट्वेल्व्ह कमी असेल का?”

मी विचारलं, कधी येतात? तो हसला. “मंडपाच्या खांबाला हात लावला की.”

सोबत आलेल्या मित्राने माहिती पुरवली, “तिथे सगळ्यांनाच येतात. पावसात थोडा करंट उतरतो.”

थोडा करंट! मी त्याच्या फोनवरून मंडळाच्या अध्यक्षांशी बोललो. ते म्हणाले, “आरती झाली की बघतो.” मी म्हटलं, आरतीआधी बघा, कारण आरतीलाच सगळ्यात जास्त माणसं त्या खांबांना टेकून उभी राहणार आहेत. त्यांनी ऐकलं. मेन स्विच बंद झाला, आरती समईच्या आणि मोबाईलच्या उजेडात झाली. रात्री वायरमनला सापडलं ते इतकंच: हॅलोजनची वायर पाइपाच्या क्लॅम्पखाली दाबली गेली होती, तिचं आवरण कापलं गेलं होतं आणि आतली तांब्याची तार लोखंडी पाइपाला टेकली होती. दोन दिवस तो अख्खा सांगाडा वीज अंगावर घेऊन उभा होता. दर्शनाला येणारी लहान मुलं त्याच पाइपांना धरून रांगेत उभी राहत होती.

कोणालाही काही झालं नाही. सगळे म्हणाले, बाप्पाची कृपा. कृपा असेलच. पण पुढच्या वर्षीही बाप्पाने ही ड्युटी करावी, असं मला वाटत नाही. म्हणून आजचा लेख. विषय डॉक्टरकीचा नाही असं वाटेल. पण विजेच्या धक्क्याने हृदय थांबलेल्या माणसासाठी आम्ही डॉक्टर फार थोडं करू शकतो आणि मंडपाचं वायरिंग तपासणारा माणूस फार जास्त करू शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी १०,००० हून जास्त माणसं मरतात. हा आकडा साथीच्या रोगाचा असता, तर आपण शांत बसलो असतो का?

मुंग्या म्हणजे इशारा

करंट किती धोकादायक हे व्होल्टवर कमी आणि शरीरातून किती विद्युतप्रवाह गेला, किती वेळ गेला आणि कुठून गेला, यावर जास्त अवलंबून असतं. हा प्रवाह मिलीअँपिअरमध्ये मोजतात. एक मिलीअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. ढोबळ हिशेब असा:

• १ मिलीअँपिअरच्या आसपास: मुंग्या, झिणझिण्या.
• १० च्या आसपास: हाताचे स्नायू आवळले जातात, पकडलेली वस्तू सोडता येत नाही. लहान मुलांमध्ये हे याहूनही कमी प्रवाहाला होतं.
• २० ते ३० च्या पुढे: छातीचे स्नायू आखडतात, श्वास अडकतो.
• ५० ते १०० च्या पुढे, सेकंदभर टिकला तरी: हृदयाचे ठोके बिघडून ते नुसतं थरथरू लागतं. रक्त पुढे ढकललं जात नाही. काही सेकंदांत शुद्ध हरपते, काही मिनिटांत मेंदूला कायमची इजा होते.

आपण म्हणतो, “करंटने खेचून धरलं.” वीज कोणाला खेचत नाही. हाताची मूठ मिटणारे स्नायू मूठ उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असतात. करंटने दोन्ही एकदम आवळले की मूठ मिटते आणि मिटलेलीच राहते. माणूस स्वतःच्या हाताने खांब धरून ठेवतो आणि त्याला तो सोडता येत नाही.

आता खरा मुद्दा. त्या कार्यकर्त्याला नुसत्या मुंग्या का आल्या? कारण त्याच्या पायात रबरी चप्पल होती आणि हात बऱ्यापैकी कोरडा होता. कोरडी कातडी आणि रबर विजेला मोठा अडथळा करतात, त्यामुळे जेमतेम एखादा मिलीअँपिअर वाहिला. पण दर्शनाला येणारा माणूस काय करतो? चपला बाहेर काढतो. ओल्या लादीवर, ओल्या कार्पेटवर अनवाणी उभा राहतो. अंग पावसाने भिजलेलं असतं. अशा ओल्या शरीराचा अडथळा साधारण १,००० ओहमपर्यंत खाली येतो. घरगुती वीज २३० व्होल्टची. भागाकार करा: २३० मिलीअँपिअर. हृदय बंद पाडायला जेवढा लागतो, त्याच्या दुप्पट-चौपट.

म्हणजे तोच खांब, तोच बिघाड. चप्पल घातलेल्या डेकोरेटरच्या माणसाला मुंग्या आणि अनवाणी आलेल्या चार वर्षांच्या मुलाला मृत्यू. म्हणूनच “आम्ही दिवसभर हात लावतोय, काही होत नाही” हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याला आपण “थोडंच दुखतंय ना, आरतीनंतर बघू” म्हणत नाही. खांबाच्या मुंग्यांनाही तीच शिस्त हवी.

“अर्थिंग केलंय” एवढ्यावर थांबू नका

मंडळाला विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: “अर्थिंग केलंय ना.” म्हणजे काय केलंय? बहुतेक वेळा एक लोखंडी सळई जमिनीत ठोकून तिला वायर गुंडाळलेली असते. तीही पेव्हर ब्लॉकच्या फटीत, वीतभर खोल. नसण्यापेक्षा बरं. पण ती एकटी जीव वाचवेल असं समजू नका.

थोडं गणित बघा. समजा सळई चांगली बसली आहे आणि तिचा जमिनीशी अडथळा १० ओहम आहे. रस्त्याकडेच्या मंडपासाठी हा आकडा चांगलाच म्हणायचा. फेजची तार पाइपाला लागली तर सळईतून जमिनीत जास्तीत जास्त २३ अँपिअर वाहतील. आणि तुमच्या मेन बोर्डवरचा एमसीबी बसवलेला असतो ३२ अँपिअरचा. तो पडणारच नाही! तो बिचारा आपल्या मर्यादेतच आहे. मंडप उजळलेला राहील, स्पीकर वाजत राहील आणि पाइपांवर दीड-पावणेदोनशे व्होल्टही बसून राहू शकतील. एमसीबी आणि फ्यूज वायर जळू नये म्हणून असतात. माणसाला मारणारा ०.२३ अँपिअर त्यांच्या खिजगणतीतही नसतो.

माणसासाठी असतं ते वेगळं यंत्र: आरसीसीबी. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. जाणारी वीज आणि परत येणारी वीज हे यंत्र सतत ताडून बघतं. दोन्ही सारख्या असल्या तर ठीक. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वीज कुठूनतरी जमिनीत गळते आहे, कदाचित कोणाच्या तरी अंगातून. लगेच पुरवठा तोडला जातो. मोठी गळती असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. हृदयाचा एक ठोका पूर्ण व्हायच्या आत.

मग आरसीसीबी असताना अर्थिंग कशाला? कारण अर्थिंग असेल तर तार पाइपाला टेकताक्षणी गळती सुरू होते आणि आरसीसीबी तेव्हाच पडतो, कोणी हात लावायच्या आधी. अर्थिंग नसेल तर तो वाट बघत बसतो. पहिला माणूस खांबाला हात लावेल तेव्हा त्याच्या अंगातून गळती होईल आणि मग तो पडेल. माणूस बहुधा वाचेल, पण धक्का त्याला बसेल. एकाला दुसऱ्याचा पर्याय नाही, दोन्ही हवेत.

आणि सगळं लोखंड एकमेकांना जोडा

तिसरी गोष्ट कोणी करतच नाही. मंडपाचा सांगाडा, बाहेरची कमान, रांगेचं रेलिंग, स्टेज, लाइटचा ट्रस, जनरेटरची बॉडी हे सगळं लोखंड एकमेकांना जाड तांब्याच्या तारेने जोडलेलं हवं. वायरमन याला बाँडिंग म्हणतात.

कारण सोपं आहे. तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का बसत नाही, कारण तिचे दोन्ही पाय एकाच तारेवर, एकाच व्होल्टेजवर असतात. धक्का बसतो तो दोन ठिकाणांमधल्या फरकामुळे. कमानीत वीज उतरली आहे आणि रेलिंग जमिनीशी जोडलेलं आहे, असं असताना एक हात कमानीला आणि एक रेलिंगला लागला, तर करंट एका हातातून शिरून छातीतून जाऊन दुसऱ्या हातातून बाहेर पडतो. वाटेत हृदय. पायात कितीही चांगली चप्पल असली तरी इथे उपयोग नाही. सगळं लोखंड एकत्र बांधलेलं असेल, तर असा फरक उरत नाही.

इथे एक सावधगिरी. अर्थिंग आणि आरसीसीबी नसताना नुसतं बाँडिंग केलं, तर एका खांबात उतरलेली वीज साऱ्या मंडपात पसरेल. म्हणून तिन्ही गोष्टी एकत्रच करायच्या. आणि पाइप एकमेकांत अडकवलेले आहेत म्हणजे जोडलेले आहेत, असं समजू नका. आपली नवी मुंबई खाडीकाठची. खारी हवा, चार महिने पाऊस. तेच पाइप आणि त्याच वायरी दहीहंडी, गणपती, नवरात्र करून लग्नसराईला जातात. गंज आणि ऑइल पेंटच्या थरातून वीज धड जात नाही. क्लॅम्प बसवायच्या जागी रंग खरवडून चकचकीत धातू दिसला पाहिजे.

“पण तो सारखा पडतो हो!”

हा आक्षेप मी दरवर्षी ऐकतो. पाऊस आला की आरसीसीबी पडतो, भर कार्यक्रमात अंधार होतो, लोक ओरडतात. मग कोणीतरी शहाणा तो बायपास करून लाइन डायरेक्ट करतो. वर गोष्ट सांगितली त्या मंडपातही हेच झालं होतं. आरसीसीबी बोर्डवर होता, दिमाखात होता, पण त्याच्यातून वीजच जात नव्हती.

वाचकहो, पावसात आरसीसीबी पडतो याचा अर्थ पावसात कुठेतरी वीज गळते आहे. त्याला डायरेक्ट करणं म्हणजे ताप दाखवतो म्हणून थर्मामीटर फोडणं. सेलोटेप गुंडाळलेला जोड पाण्यात पडला असेल, दोन तारांच्या वायरीवर लोखंडी पंखा चालत असेल, थ्री-पिनची मोठी पिन कापून टाकली असेल. ते शोधा.

अंधाराची अडचणही खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. सगळा मंडप एकाच आरसीसीबीवर टाकू नका. गाभारा, रांग, कमान, साउंड अशा वेगळ्या लाइनी करून प्रत्येकीला वेगळा आरसीसीबी लावा. एक भाग गेला तरी बाकीचा चालू राहतो आणि बिघाड कुठे आहे तेही लगेच कळतं. सोबत बॅटरीवर चालणारे चार दिवे ठेवा, गर्दी घाबरणार नाही. हा खर्च कमानीच्या रोषणाईपुढे काहीच नाही.

मिरवणुकीचा धोका वेगळा

बातम्यांत येणारे मोठे अपघात बहुतेक वेळा मिरवणुकीतले असतात. एप्रिल २०२२ मध्ये तामिळनाडूत तंजावरजवळ मंदिराचा रथ उच्चदाबाच्या तारेला लागून ११ जण गेले. एप्रिल २०२३ मध्ये आपल्या विरारच्या कारगिल नगरात जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीवरचा लोखंडी रॉड ट्रान्सफॉर्मरला लागून दोघांचा जीव गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये साकीनाक्याला विसर्जन मिरवणुकीत तारेचा स्पर्श होऊन एक जण दगावला. इथे तुमचा आरसीसीबी कामाचा नाही, कारण ही वीज त्याच्यातून आलेलीच नसते. इथे उपाय एकच: अंतर. मिरवणुकीचा मार्ग आधी चालून बघा, उंची मोजा आणि तारा हाताने किंवा बांबूने वर उचलण्याचा विचारही करू नका.

तुम्ही काय करू शकता?

तुम्ही वर्गणी देता, मुलाबाळांना घेऊन दर्शनाला जाता. विचारायचा हक्क तुमचा आहे. पावती फाडायला मुलं आली की हे चार प्रश्न विचारा:

१. वीज महावितरणच्या अधिकृत तात्पुरत्या जोडणीची आहे का आणि परवानाधारक ठेकेदाराने वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्ट दिला आहे का? शेजारच्या दुकानातून किंवा पथदिव्यावरून ओढलेली लाइन चालणार नाही.
२. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का? त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण आमच्यासमोर दाबून दाखवा. दाबताच दिवे गेले पाहिजेत. गेले नाहीत तर तो बंद पडला आहे किंवा डायरेक्ट केला आहे.
३. सांगाडा, कमान, रेलिंग, स्टेज, जनरेटर एकमेकांना आणि अर्थिंगला जोडले आहेत का? या बटणाने अर्थिंग कळत नाही, ते मीटर लावूनच तपासावं लागतं.
४. मेन स्विच कुठे आहे आणि आत्ता तो बंद करायची वेळ आली तर कोण करेल?

चौथा प्रश्न सगळ्यात सोपा, पण त्यालाच उत्तर मिळत नाही. स्विच बहुतेक वेळा स्टेजमागे, कुलपात असतो आणि किल्ली डेकोरेटरच्या खिशात.

सोसायटीच्या गच्चीवरच्या पावसाळी शेडला, लग्नाच्या मांडवाला, गरब्याच्या मैदानाला, रस्त्यावरच्या लोखंडी स्टॉललाही हेच प्रश्न लागू आहेत. खांबाला मुंग्या आल्या तर खात्री करायला पुन्हा हात लावू नका. टेस्टर पेटला नाही म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कोरड्या स्टुलावर उभं राहून धरलेला टेस्टर फसवू शकतो. लोकांना बाजूला करा, मेन बंद करायला लावा. कोणी ऐकत नसेल तर महावितरणला १९१२ वर फोन करा.

कोणाला धक्का बसलाच तर

• आधी मेन स्विच बंद करा. चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नका, तुम्हीही चिकटाल. स्विच सापडतच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला ढकलून वेगळं करा. हे फक्त घरगुती व्होल्टेजसाठी. उच्चदाबाच्या तारेपासून चांगलं आठ-दहा मीटर लांब राहा आणि लाइन बंद झाल्याचं कळेपर्यंत जवळ जाऊ नका.
• हाक मारा, श्वास बघा. शुद्ध नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करावी: छातीच्या मधोमध, दोन्ही तळवे एकावर एक, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात किमान पाच सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका. विजेने थांबलेलं हृदय अनेकदा एरवी ठणठणीत असतं, त्यामुळे वेळेवर केलेल्या या प्रयत्नांना यश यायची आशा चांगली असते.
• वाळूत किंवा मातीत पुरणं, तळपाय चोळणं, तोंडात पाणी घालणं यातलं काहीही करू नका. त्यात सोन्यासारखी मिनिटं जातात.
• शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धडधड झाली, भाजलं, उंचावरून पडलं किंवा हात चिकटून राहिला होता, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. गरोदर बाई, लहान मूल आणि हृदयरोगी यांनी बरं वाटत असलं तरी दाखवून यावं. उच्चदाबाचा धक्का असेल तर बाहेरून भाजल्याचा डाग छोटा दिसला तरी रुग्णालय गाठा. आतले स्नायू जळून मूत्रपिंडं बिघडू शकतात. लघवी काळपट होणं हे त्याचं लक्षण.

शेवटी

आपण मंडळांकडून आवाजाची मर्यादा मागतो, रस्त्याची परवानगी मागतो, मूर्ती कशाची ते विचारतो. ते योग्यच आहे. पण ज्या लोखंडाला आपली मुलं अनवाणी, ओल्या हाताने धरून उभी राहतात, त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण ते झालरीखाली झाकलेलं असतं. माझ्या मते बटण दाबून दाखवल्याशिवाय प्राणप्रतिष्ठेच्या दिवशी मंडप लोकांसाठी खुला होऊ नये. आणि पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दाबावं. दहा सेकंदांचं काम आहे.

तो कार्यकर्ता आता त्याच मंडळाचा सचिव आहे. दरवर्षी पावती घेऊन येतो तेव्हा मी विचारायच्या आधीच सांगतो, “डॉक्टर, बटण दाबलंय.” त्याच्या हाताला आता मुंग्या येत नाहीत. बी-ट्वेल्व्हची गोळी मी त्याला दिलीच नव्हती.

काळजी घ्या आणि हा लेख तुमच्या सोसायटीच्या, मंडळाच्या ग्रुपवर नक्की पाठवा.